वत्थुओलोकन : विनयातील जागेची पाहणी

दादर येथील आंबेडकर भवन व बुद्धभूषण छापखान्याची वास्तू २५ जून २०१६ रोजी पहाटे पाडण्यात आली. त्या जागी बहुमजली इमारत उभारण्याची योजना होती. जुन्या वास्तू मोडकळीस आल्या होत्या की नव्हत्या, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. समाजाला विचारले होते काय, हा प्रश्नही रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी विचारला. हे दोन प्रश्न एकच नव्हेत. त्यांपैकी अधिक गंभीर कोणता, याविषयी विनयपिटकाचे मत स्पष्ट आहे. त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच आमचा हेतू आहे.

तेरा संघादिसेस नियमांपैकी सहावा व सातवा हे दोन्ही बांधकामाविषयी आहेत. सहाव्याची निदानकथा आळवी येथील आहे. तेथील भिक्खू स्वतःसाठी कुटी बांधू लागले. त्यांना ना दाता होता, ना कुटीच्या आकाराला मर्यादा. त्यामुळे याचनेला अंत राहिला नाही. माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, कुदळ द्या, बांबू द्या, गवत द्या, माती द्या! लोक इतके त्रासले की भिक्खू दिसताच दुसऱ्या वाटेने जाऊ लागले, दारे लावून घेऊ लागले. गाय दिसली तरी भिक्खूच आला असे समजून पळू लागले. स्थविर महाकस्सप तेथे आले, तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला. भगवंतांनी मग आकार ठरवून दिला : आतील बाजूने लांबी १२ सुगत-विती व रुंदी ७. (अट्ठकथा सुगत-वीत म्हणजे मध्यम पुरुषाच्या तीन विती असे सांगते, हे माप आम्हांस फारच मोठे वाटते.) परंतु आकारापेक्षा महत्त्वाचा भाग पुढे आहे. जागा दाखवून मिळावी म्हणून भिक्खूंना तेथे नेले पाहिजे, असे नियम सांगतो.

ही कार्यपद्धती पदभाजनीत सविस्तर आली आहे. कुटी बांधू इच्छिणाऱ्याने प्रथम जागा साफ करावी. मग उत्तरासंग एका खांद्यावर घेऊन, ज्येष्ठ भिक्खूंना वंदन करून, उकिडवे बसून, हात जोडून संघाकडे जागेच्या पाहणीची याचना करावी. तीही तीन वेळा. सर्व संघाला जाणे शक्य असेल तर सर्वांनी जावे. शक्य नसेल तर जाणत्या व समर्थ भिक्खूंची ञत्तिदुतिय कम्माने, म्हणजे एकदा ठराव मांडून व एकदा संमती विचारून, नेमणूक करावी. जागा सदोष आढळल्यास 'येथे बांधू नकोस' असे त्यांनी सांगावे. निर्दोष असल्यास संघाला तसे कळवावे. तरीही काम संपत नाही. त्या भिक्खूने पुन्हा संघापुढे यावे, पुन्हा तीन वेळा याचना करावी, आणि संघाने पुन्हा ठरावपूर्वक जागा निश्चित करून द्यावी. पाहणी करणाऱ्यांना पाहण्याचा अधिकार आहे, मंजुरीचा नाही, ती संघाचीच.

पाहायचे काय? दोन गोष्टी. जागा 'अनारंभ' असावी आणि 'सपरिक्कमन' असावी. मुंग्या, वाळवी, उंदीर, साप, विंचू यांची वसती असेल तर ती जागा वर्ज्य होय. हत्ती, वाघ, अस्वल यांच्या वावराची जागाही वर्ज्य. शेताला, स्मशानाला, वधस्थानाला, उद्यानाला, राजाच्या मालमत्तेला, तुरुंगाला, मद्यगृहाला, रस्त्याला, चव्हाट्याला किंवा सभागृहाला लागून असलेली जागाही चालत नाही. या यादीत भिक्खूच्या सुरक्षिततेइतकीच मुंगीची आणि शेजारच्या शेतकऱ्याचीही काळजी आहे, असे आम्ही समजतो. सपरिक्कमन म्हणजे कुटीभोवती बैल जुंपलेली गाडी, निदान शिडी तरी, फिरवता येईल इतकी मोकळी जागा. लेणे, गुहा व गवताची झोपडी यांना मात्र हा नियम लागू नाही. यातील 'लेण' हा पालि शब्द आपल्या मराठीत अजून नांदतो आहे.

पैसा दात्याचा असेल तर? सातवा नियम याच प्रश्नाचे उत्तर होय. कोसंबीच्या घोसितारामात छन्न नावाच्या भिक्खूसाठी एका उपासकाने विहार बांधायचे ठरविले. जागा साफ करताना छन्नाने एक चैत्यवृक्ष तोडविला. गाव, नगर, जनपद सारे त्या वृक्षाला मानत होते. लोक संतापले. येथे याचनेचा त्रास नव्हता, म्हणून आकाराची मर्यादाही घातली गेली नाही. जागेच्या पाहणीची अट मात्र जशीच्या तशी राहिली. दाता आहे म्हणून संघाला विचारण्यातून सुटका नाही.

आता आपत्तींची प्रतवारी पाहावी. जागा सारंभ असेल तर दुक्कट. भोवती मोकळी जागा नसेल तर दुक्कट. हा अगदी सौम्य दोष होय. पण संघाकडून जागा निश्चित करून न घेताच बांधले तर संघादिसेस, म्हणजे पाराजिकाच्या खालोखालचा दोष. त्यातून शुद्ध होण्यासाठी सहा रात्रींचे मानत्त पाळावे लागते, आणि शेवटी किमान वीस भिक्खूंच्या संघाने परत घ्यावे लागते. जागा उत्तम असली तरीही हा दोष टळत नाही. तो पूर्ण केव्हा होतो, हेही सांगितले आहे : मातीचा शेवटचा गोळा लावायचा राहिला असताना थुल्लच्चय, आणि तो लावला की संघादिसेस. म्हणजे त्या शेवटच्या गोळ्यापर्यंत थांबण्याची सोय आहे.

या व्यवस्थेतील एक उणीव झाकून ठेवणे बरे नव्हे. लोकांच्या तक्रारीतून नियम जन्मला, परंतु पाहणीच्या बैठकीत गावकऱ्यांना स्थान नव्हते. त्यांचे हित यादीत आले; त्यांचा आवाज आला नाही. मात्र चुल्लवग्गात वेसालीच्या एका दरिद्री शिंप्याची हकीकत आहे. त्याला संघासाठी विहार बांधावा असे वाटले. त्याने स्वतः माती मळली, विटा रचल्या, भिंत उभी केली. ती तिरकी होती, पडली. दुसऱ्यांदा पडली, तिसऱ्यांदाही पडली. तेव्हा तो उघडपणे म्हणाला, की जे देतात त्यांना हे श्रमण उपदेश करतात, त्यांच्या बांधकामावर देखरेखही करतात. मी गरीब, माझ्या कामाकडे कोणी पाहत नाही. ही तक्रार भगवंतांच्या कानी गेली. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. बांधकामावर देखरेख करणारा नवकम्मिक भिक्खू संघाने ठराव करून नेमावा, अशी अनुज्ञा त्यांनी त्याच प्रसंगी दिली.