नोंदींतून घर कसे ओळखतात?

एका शाळेच्या हजेरीपटात पाचवीत एक पाटील आहे आणि आठवीत दुसरा. हे दोघे भाऊ आहेत काय? गावात पाटलांची वीस घरे असतील, तर नुसत्या आडनावावरून काहीच ठरत नाही. वडिलांचे नाव व पत्ताही जुळला, तर आपली खात्री वाढते.

मोठी दुकाने व जाहिरात कंपन्या लाखो ग्राहकांच्या नोंदींबाबत नेमके हेच करतात. तेल, तांदूळ किंवा फ्रिज एकेकटा माणूस नव्हे, तर घर विकत घेत असते. म्हणून सुट्या नोंदी जुळवून त्यांतून ‘घरे’ तयार केली जातात. ही पद्धत मात्र बाजारात जन्मलेली नाही.

पहिली अडचण नावांची होती. इंग्रजीत एकच आडनाव अनेक प्रकारे लिहिले जाते. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी 1918 मध्ये यावरील उपायाचे पेटंट मिळवले. सारख्या उच्चाराच्या अक्षरांना एकच अंक द्यायचा, म्हणजे वेगवेगळी लिहिलेली आडनावे एकाच सांकेतिक क्रमांकाखाली येतात. पुढे 1946 मध्ये हॅल्बर्ट डन या आरोग्य-सांख्यिकीतज्ज्ञांनी जन्म, विवाह, मृत्यू अशा विखुरलेल्या नोंदी माणसागणिक एकत्र बांधण्याची कल्पना मांडली.

ती संगणकावर उतरवली कॅनडातील आनुवंशशास्त्रज्ञ हॉवर्ड न्यूकम यांनी. किरणोत्साराचा पुढील पिढ्यांवर काय परिणाम होतो, हे अभ्यासायचे तर कोणती मुले एका आईबापांची हे कळायला हवे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील जन्मनोंदी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विवाहनोंदींशी जुळवल्या आणि 1959 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. तिचे मर्म साधे आहे. दर 10 माणसांत एकाचे असणारे आडनाव दोन नोंदींत योगायोगानेही सहज जुळेल. दर 10,000 माणसांत एकाचे असणारे तसे क्वचितच जुळेल. म्हणून दुर्मीळ नाव जुळले, तर त्याला अधिक वजन द्यायचे.

इव्हान फेलेगी व ॲलन सन्टर यांनी 1969 मध्ये या विचाराला काटेकोर गणिती रूप दिले. वजनांची बेरीज मोठी असेल तर नोंदी जोडायच्या, लहान असेल तर वेगळ्या ठेवायच्या. मधल्या नोंदी माणसाने तपासायच्या. चुका दोन प्रकारच्या होतात: परके एकत्र येतात किंवा आपले दुरावतात. इतर गोष्टी त्याच असताना एक चूक कमी करू गेले की दुसरी वाढते.

हे तंत्र व्यापारात आल्यावर काय होऊ शकते, याचा धडा अमेरिकेनेच दिला. लोटस व इक्विफॅक्स या कंपन्यांनी 1990 मध्ये सुमारे 8 कोटी घरांतील 12 कोटी माणसांची माहिती सीडीवर विकण्याचे जाहीर केले. त्यात नाव-पत्त्याबरोबर उत्पन्नगट आणि खरेदीच्या सवयी यांचे अंदाजही होते. सुमारे 30 हजार लोकांनी आपले नाव काढून टाका असे कळवले, आणि जानेवारी 1991 मध्ये ती योजना मागे घेण्यात आली.

लोकांचा राग समजण्यासारखा होता. आपल्या जनगणनेत कुटुंबाची व्याख्या आहे: सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. एका छपराखाली दोन चुली असतील तर कुटुंबेही दोन. प्रगणक दारात येऊन हे विचारतो. संगणक विचारत नाही. वाटण्या झालेले दोन भाऊ त्याला एक घर वाटतील. माहेरचे आडनाव लावणारी पत्नी त्याला कदाचित परकी वाटेल. असा अंदाज जाहिरातीपुरता असेल तर एखादे पत्रक वाया जाईल. त्यावरून कर्ज द्यायचे की नाही हे ठरू लागले, तर एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथी येईल.

विद्यार्थ्यांना हजेरीपटातील हे कोडे जरूर घालावे. उत्तराबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: ज्यांच्याविषयी आपण अंदाज बांधला, त्यांना तो पडताळून पाहण्याची संधी दिली काय?