गोधडी : घरातल्या जुन्या सुताची ऊब

वापरून मऊ झालेल्या सुती कपड्यांचे थर एकावर एक पसरून, वर रंगीत तुकडे मांडून, हे सारे हाताने धावदोरा घालून एकजीव केले की गोधडी तयार होते. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवलेली लहान, पातळ गोधडी म्हणजे दुपटे. बाळंतविड्यात टोपडे, झबले आणि कुंची यांच्याबरोबर त्याला मानाचे स्थान असते. खेड्यापाड्यांत उन्हाळ्याच्या दिवसांत शेतीची कामे उरकली, की दुपारच्या वेळी चार-चौघी ओटीवर बसून गोधड्या शिवीत. घराची गरज म्हणून होणारे हे काम आता शहरांत छंद म्हणून हाती घेतले जात आहे. त्यासाठी नवे कापड, तयार नमुने आणि साधने दुकानांत मिळतात. गोधडीचा खरा कच्चा माल मात्र आजीच्या ट्रंकेत असतो आणि तो वर्षागणिक कमी होत चालला आहे.

सुती लुगड्याचे मोल

नऊवारी सुती लुगडे वर्षानुवर्षे धुतले जाते. त्यातील खळ निघून जाते, धागा सैल आणि मऊ होतो. अशा कापडाच्या तीन-चार थरांमध्ये हवा अडकून राहते आणि तीच अंगाची ऊब धरून ठेवते. सुताला घाम टिपण्याचा गुण असल्याने हीच गोधडी उन्हाळ्यात अंथरायलाही सुखद वाटते. पॉलिएस्टरच्या साड्यांत हे गुण नाहीत. त्या घाम शोषत नाहीत, शिवताना एकमेकींवरून घसरतात आणि सुईखाली थर जागेवर राहत नाहीत. गेल्या अर्धशतकात रोजच्या वापरातून सुती लुगडे मागे पडले. त्यामुळे आज घरात शिल्लक असलेले जुने सूत पोतेऱ्यासाठी फाडण्यापूर्वी किंवा भांड्यांवर देऊन टाकण्यापूर्वी एकदा नीट पाहावे.

कापड सुती आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. काठापासून दोन-तीन धागे ओढून काढावेत आणि चिमट्यात धरून धातूच्या ताटलीवर जाळावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मागे मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर वितळून आकसते आणि त्याचा कडक मणी बनतो. मिश्र धाग्याच्या साडीत दोन्ही खुणा थोड्याथोड्या दिसतात. अशी साडी आतल्या थरासाठी टाळलेली बरी.

मापे आणि मांडणी

नऊ वार म्हणजे 27 फूट. लुगड्याचे चार समान भाग केले, की प्रत्येक भाग पावणेसात फूट लांब येतो. लुगड्याचा पन्हा सुमारे पावणेचार फूट असतो. दोन भाग लांबीच्या बाजूने शेजारी जोडल्यास दोघांना पुरेल एवढा एक थर होतो. म्हणजे एका लुगड्यात दोन थर निघतात आणि दोन लुगड्यांत चार थरांची मोठी गोधडी बसते. फार विरलेला भाग आत घालावा, त्यातल्या त्यात दणकट भाग वर आणि खाली ठेवावा. काठ आणि पदर आधी सोडवून घ्यावेत. गोधडीच्या चारी बाजूंना पट्टी म्हणून ते शोभतात आणि कडा झिजण्यापासून वाचवतात.

वरच्या तोंडासाठी चोळखणाचे तुकडे, मुलांचे जुने सुती फ्रॉक, सदरे, परकर यांतून चौकोन आणि त्रिकोण कापावेत. पुठ्ठ्याचा एक नमुना करून त्यावरूनच सगळे तुकडे आखले, की जोड नीट बसतात. शिवणीसाठी चारी बाजूंना पाव इंच जादा कापड ठेवावे. तुकडे एकमेकांना जोडण्याचे काम शिवणयंत्रावर केले तरी चालते. नवे कापड वापरायचे असल्यास ते आधी धुवून वाळवावे. तसे न केल्यास पहिल्याच धुण्यात नवे आटते, जुने तसेच राहते आणि सगळीकडे चुण्या पडतात. गडद रंगाचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. रंग उतरला तर तो तुकडा बाजूला ठेवावा.

धावदोऱ्याचे गणित

गोधडी टिकते ती टाक्यांवर. टाके थरांना सरकू देत नाहीत आणि धुताना कापडावर येणारा ताण सर्वत्र वाटून देतात. त्यासाठी जाड सुती दोरा आणि मोठ्या नेढ्याची लांब, मजबूत सुई घ्यावी. दोरा मेणावरून ओढला तर गुंतत नाही. तो एका वेळी हातभरच घ्यावा, गाठ थरांच्या आत दडवावी आणि बोटात अंगुस्तान घालावे.

शिवायला बसण्यापूर्वी सगळे थर स्वच्छ फरशीवर पसरून कोपऱ्यांवर वजने ठेवावीत. मग तळहाताने कापड मधून कडेकडे सपाट करीत लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावे. नवशिक्यांचा सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. टाचणे वगळून थेट कडेपासून शिवायला सुरुवात केली, तर सैल कापड आत ढकलले जाते आणि शेवटी मधोमध फुगा उरतो. तो घालवायला सारे उसवण्यावाचून उपाय नसतो. टाचून झाल्यावर मात्र कडेपासून सुरुवात करून चौकटीमागून चौकट घालीत मध्यापर्यंत जाण्याची जुनी पद्धत सोयीची आहे, कारण कडा आधीच बंद होतात.

दोन ओळींतील अंतर किती ठेवावे, हे कष्टाच्या तयारीवर ठरते. 6 फूट रुंद आणि 7 फूट लांब गोधडीत एकेक इंचावर ओळी घातल्या, तर त्यांची एकूण लांबी 500 फुटांवर जाते. अंतर अर्ध्या इंचावर आणले, की ती 1000 फूट होते. जुन्या गोधड्यांतील दाट टाके पाहताना हे गणित ध्यानात ठेवावे. पहिल्या प्रयत्नात म्हणूनच मोठ्या मापाच्या वाटेला जाऊ नये. 3 फूट लांबी-रुंदीच्या, तीन थरांच्या दुपट्याला इंचाच्या अंतराने जेमतेम 110 फूट शिवण लागते. त्यात हात बसतो आणि काम पुरे झाल्याचे समाधानही लवकर मिळते.

इतरत्रच्या गोधड्या

जुन्या कपड्याला टाक्यांनी नवे आयुष्य देण्याची रीत अनेक प्रांतांत आहे. संस्कृतात ठिगळांच्या वस्त्राला कंथा म्हणतात आणि बंगालच्या कांथाचे नाव त्याच शब्दाशी जोडलेले आहे. बिहारमध्ये सुजनी, तर सिंध, कच्छ आणि राजस्थानात रल्ली शिवली जाते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर परिसरातील सिद्दी स्त्रियांची कवंदी महाराष्ट्राच्या गोधडीला विशेष जवळची आहे. पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज या समाजात आहेत. कवंदीचे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. कडेपासून एकेक तुकडा मुडपून लावीत आणि त्याच वेळी टाके घालीत मध्याकडे जातात. शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना फुले म्हणतात आणि त्यांवाचून कवंदी अपुरी मानली जाते.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथील स्त्रियांनी शेतावर झिजलेल्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. थंडीपासून बचावासाठी केलेल्या कामाकडे कला म्हणून पाहिले गेले, तेव्हा ते शिवणाऱ्या स्त्रियांची नावेही जगाला कळली. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आहे. तरीही घराघरांतील बहुतेक गोधड्या कोणी शिवल्या, याची नोंद कोठेच नाही.

निगा आणि नोंद

गोधडी भिजली, की फार जड होते. म्हणून ती पिळू नये. पाणी निथळू द्यावे आणि दोन दोऱ्यांवर पसरून उन्हात वाळवावी. साठवताना प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या सुती चादरीत गुंडाळावी, म्हणजे आत दमटपणा कोंडत नाही. पावसाळा सरल्यावर तिला एकदा कडक ऊन दाखवावे.

वरचे तोंड फाटले, तरी गोधडी टाकण्याची गरज नसते. त्यावर नव्या कापडाचा थर चढवून पुन्हा धावदोरा घातला, की ती आणखी काही वर्षे चालते. जुन्या घरांतील जाड वाकळींच्या पोटात अशी आधीची वाकळ असते आणि तिच्याही आत कधी न पाहिलेल्या पणजीचे लुगडे निघते. ते तिचेच होते, हे सांगणारे माणूस गेले, की मग ते नुसते जुने कापड उरते. नव्याने गोधडी शिवणाऱ्यांनी यावर साधा उपाय करावा. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने साल, शिवणारीचे नाव आणि आत कोणाकोणाची लुगडी आहेत, हे टाक्यांनी लिहून ठेवावे. या कामाला फार तर एक दुपार लागेल.