कडुनिंबाची साक्ष

धान्याच्या कणगींत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. धान्याला कीड लागूं नये, हा तिचा हेतु. परंतु चाल असणें निराळें आणि तिचें कारण ठाऊक असणें निराळें. तें कारण कसें उमगलें, ही हकीकत आज सांगावयाची आहे.

१९५९ सालीं सुदानवर टोळधाड आली. टोळांनीं आसपासची हिरवळ फस्त केली. कडुनिंबाचीं झाडें मात्र हिरवींच राहिलीं. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांनीं हें स्वतः पाहिलें आणि पुढें त्याच शोधाचा पाठपुरावा केला. इकडे १९६२ सालीं दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत डॉ. प्रधान व त्यांचे सहकारी यांनीं निंबोळीच्या मगजाची पूड पाण्यांत कालवून उभ्या पिकांवर फवारली. टोळ उतरले, परंतु त्या पिकांना त्यांनीं तोंड लावलें नाहीं. १९६८ सालीं इंग्लंडांत बटरवर्थ व मॉर्गन यांनीं निंबोळींतील मुख्य द्रव्य वेगळें काढलें. त्याचें नांव अझाडिरॅक्टिन.

जहाल विषाप्रमाणें हें द्रव्य किडीला तत्काळ मारीत नाहीं. तें तिची खाण्याची वासना उडवितें आणि अळीच्या कात टाकण्यांत विघ्न आणतें. म्हणून भाजीच्या वाफ्यांत अळ्या लहान आहेत तोंवरच तें वापरावें. निंबोळीची ५० ग्रॅम भरड १ लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावी, फडक्यांतून गाळावी, किंचित् साबण मिसळावा व फवारावें. उन्हानें त्याचा गुण लवकर जातो. यास्तव सायंकाळची वेळ बरी. फळांत शिरलेल्या अळीपर्यंत मात्र तें पोंचत नाहीं.

याच कडुनिंबासाठीं पुढें वादही झाला. १९९४ सालीं युरोपीय पेटंट कार्यालयानें अमेरिकेचें कृषि खातें व डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना, कडुनिंबाच्या तेलानें वनस्पतींवरील बुरशी आवरण्याच्या पद्धतीचें पेटंट दिलें. वंदना शिवा प्रभृतींनीं त्यास हरकत घेतली. सुनावणींत पुण्याच्या एका कारखानदारानें साक्ष दिली कीं, अशा तेलाचे प्रयोग आपण १९८५-८६ मध्येंच शेतांवर केले होते. २००० सालीं पेटंट रद्द झालें; २००५ सालीं त्यावरील अपीलही फेटाळलें गेलें.

वडीलधाऱ्यांच्या चालींत पुष्कळ तथ्य असतें. परंतु प्रमाण, दिवस आणि परिणाम टिपून ठेवल्याखेरीज तें दुसऱ्यास पटवितां येत नाहीं. परसांत फवारणी करणाऱ्यानेंही म्हणून एक लहानशी वही जवळ बाळगावी.