कंप्रता-लिलाव व दूरसंचारातील स्पर्धा : अहिल्यानगर जिल्हा

बिनतारी संदेशवहनासाठी लागणाऱ्या रेडिओ तरंगांच्या विशिष्ट कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) वापरण्याचा हक्क शासनाने बोलीद्वारे ठराविक मुदतीसाठी देणे, यास कंप्रता-लिलाव म्हणतात. व्यवहारात कंप्रतांच्या या पट्ट्यांना ‘स्पेक्ट्रम’ हाच शब्द रूढ आहे. एकाच प्रदेशात एकाच कंप्रतेवर दोन प्रेषक कार्य करू लागल्यास त्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात; म्हणून कंप्रतांचे वाटप कोणीतरी करणे अपरिहार्य ठरते. ही साधनसंपत्ती जमिनीसारखी मर्यादित आहे; मात्र ती वापराने झिजत नाही आणि न वापरल्यास तेवढ्या काळाचा लाभ कायमचा बुडतो.

भारतात या लिलावाचे एकक जिल्हा नसून परिमंडळ हे आहे. मुंबई, नवी मुंबई व कल्याण हा भाग वगळून उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून महाराष्ट्र परिमंडळ होते व ते ‘अ’ वर्गात मोडते. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा (१७,०४८ चौ. किमी.; लोकसंख्या ४५,४३,१५९–२०११) या परिमंडळात येतो. प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांखालील दाट वस्तीचे राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर हे तालुके, पूर्वेकडील पाथर्डी, जामखेड हे अवर्षणप्रवण तालुके आणि पश्चिमेकडील अकोले तालुक्याचा कळसूबाई (१,६४६ मी.)–हरिश्चंद्रगड परिसरातील डोंगराळ आदिवासी प्रदेश असे या जिल्ह्याचे तीन ठळक भाग पडतात. या तिन्हींसाठी कंप्रतेची किंमत एकच ठरते. त्या किमतीचे परिणाम मात्र तिन्हीकडे सारखे होत नाहीत. त्यामुळे लिलावपद्धतीचे गुणदोष पाहण्यास हा जिल्हा विशेष उपयोगी आहे.

पार्श्वभूमी : भारतीय तारायंत्र अधिनियम, १८८५ व भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ यांनी तार, दूरध्वनी व बिनतारी संदेशवहन यांवरील सर्वाधिकार शासनाकडे ठेवले होते. सी-डॉट या १९८४ साली स्थापन झालेल्या शासकीय संस्थेने १२८ जोडांचे लहान ग्रामीण दूरध्वनी केंद्र विकसित केले. धूळ व उष्णता यांत वातानुकूलनाशिवाय चालणाऱ्या या केंद्रांमुळे दूरध्वनी लहान गावांपर्यंत पोहोचू लागला. तरीही ग्रामीण भागातील बहुसंख्य लोकांसाठी दूरध्वनी म्हणजे बाजारपेठेच्या गावातील सार्वजनिक दूरध्वनीची टपरी, हीच स्थिती दीर्घकाळ होती.

मे १९९४ मधील राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने या क्षेत्रात खाजगी भांडवलास प्रवेश दिला. रेडिओ तरंग ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचे नियमन लोकहितार्थ झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात स्पष्ट केले. पुढील सर्व वादांचा पाया या निर्णयात आहे.

दोन परवान्यांचा काळ : १९९५ मध्ये प्रत्येक परिमंडळात भ्रमणध्वनी सेवेचे दोन परवाने बोलीद्वारे देण्याचे ठरले. महाराष्ट्र परिमंडळातील परवाने बीपीएल सेल्युलर व बिर्ला समूह यांना मिळाले. बिर्ला समूहाने अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीशी भागीदारी केली होती. त्या वेळी कंप्रतांचे स्वतंत्र मूल्य ठरविले गेले नाही. त्या परवान्यासोबतच दिल्या जात. परवाना-शुल्काच्या बोली अवाच्या सवा लागल्या होत्या. ग्राहकाला दर मिनिटास १६ रुपयांपर्यंत आकार पडे व येणाऱ्या संभाषणाचेही पैसे द्यावे लागत. परिणामी ग्राहकसंख्या अपेक्षेप्रमाणे वाढली नाही आणि कंपन्यांची शुल्के थकली. अखेर १९९९ च्या नव्या धोरणाने ठराविक शुल्काऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत स्वीकारली. केवळ सर्वोच्च बोली म्हणजे यशस्वी लिलाव नव्हे, हा धडा याच वेळी मिळाला होता.

यानंतर तिसरा सेवादाता म्हणून भारत संचार निगम (स्थापना १ ऑक्टोबर २०००) ही शासकीय कंपनी आणि २००१ च्या लिलावातून चौथा सेवादाता म्हणून महाराष्ट्र परिमंडळात भारती समूह आला. १ मे २००३ पासून येणारे संभाषण निःशुल्क झाले. चार सेवादात्यांच्या चढाओढीत दर झपाट्याने उतरले व भ्रमणध्वनी सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आला. येथे स्पर्धेचा लाभ निर्विवाद आहे.

वादग्रस्त वाटप : १० जानेवारी २००८ रोजी केंद्रीय दूरसंचार विभागाने ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ या तत्त्वावर नवीन परवान्यांची इरादापत्रे दिली. देशभराच्या परवान्यासाठी आकारलेली सु. १,६५८ कोटी रु. ही रक्कम २००१ च्या लिलावावर आधारित होती. अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख मागाहून अलीकडे ओढण्यात आल्याने अनेक अर्जदार वगळले गेले. नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१० च्या अहवालात शासनाच्या अनुमानित हानीचा एक अंदाज १,७६,६४५ कोटी रु. असा दिला होता. या अंदाजाच्या गणितपद्धतीवर बरीच टीका झाली. परंतु ‘टू-जी प्रकरण’ या नावाने ते सर्वतोमुखी झाले.

या असंतोषाचा एक प्रवाह अहिल्यानगर जिल्ह्यातून गेला. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी ५ एप्रिल २०११ रोजी दिल्लीत जंतर-मंतर येथे लोकपाल कायद्यासाठी उपोषण आरंभिले. या आंदोलनामागे केवळ हे एकच प्रकरण नव्हते. तथापि त्या वर्षांच्या लोकक्षोभास कंप्रता-वाटपाने मोठी चालना दिली होती.

२ फेब्रुवारी २०१२ रोजी न्या. गणपतसिंह सिंघवी व न्या. अशोककुमार गांगुली यांच्या न्यायपीठाने १२२ परवाने रद्द केले व कंप्रता लिलावानेच देण्याचा आदेश दिला. फौजदारी खटल्यात विशेष न्यायालयाने २१ डिसेंबर २०१७ रोजी सर्व आरोपींना निर्दोष ठरविले. त्यावरील अपील दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सुनावणीस दाखल करून घेतले. दरम्यान राष्ट्रपतींनी मागविलेल्या अभिप्रायात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने (२७ सप्टेंबर २०१२) असे मत दिले, की प्रत्येक नैसर्गिक साधनसंपत्तीसाठी लिलाव हाच एक घटनात्मक मार्ग नव्हे. सार्वजनिक हित साधण्यासाठी शासन अन्य न्याय्य पद्धतीही अवलंबू शकते. लोकचर्चेत पहिला निर्णय जेवढा गाजला, तेवढा हा दुसरा गाजला नाही.

लिलावांचे पर्व : कंप्रतांचा लिलाव करावा ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९५९ मध्ये मांडली. न्यूझीलंडने १९९० मध्ये ती अमलात आणली, तेव्हा विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी रक्कम भरावी असा नियम असून किमान किंमत मात्र ठरविलेली नव्हती. त्यामुळे एक लाख डॉलरची बोली लावणाऱ्या एका कंपनीस प्रत्यक्षात अवघे सहा डॉलर भरावे लागले. अमेरिकेने १९९४ पासून अनेक फेऱ्यांची चढती बोली स्वीकारली. तिचे एक रूप भारतात २०१० मध्ये तिसऱ्या पिढीच्या सेवेसाठी वापरले गेले. ३४ दिवस व १८३ फेऱ्या चाललेल्या त्या लिलावात सु. ६७,७१९ कोटी रु. जमा झाले. मुंबई परिमंडळातील एका गटाची किंमत ३,२४७ कोटी रु. झाली, तर उर्वरित महाराष्ट्र व गोवा यांसाठी ती १,२५८ कोटी रु. होती. बोली लावणारा क्षेत्रफळाचे नव्हे, तर पैसे देऊ शकणाऱ्या ग्राहकाचे मूल्य करतो, हे यावरून स्पष्ट होते.

किमान किंमत नसल्याने न्यूझीलंडमध्ये हसे झाले. भारतात ती अवाजवी ठेवल्याने वेगळी हानी झाली. कमी कंप्रतेचे तरंग दूरवर जातात व झाडी-भिंतींतून अधिक चांगले पार होतात. त्यामुळे विरळ वस्तीच्या प्रदेशास ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा विशेष सोयीचा असतो. ऑक्टोबर २०१६ च्या लिलावात या पट्ट्याची देशभरासाठीची राखीव किंमत दर मेगाहर्ट्‌झला ११,४८५ कोटी रु. होती, एकही बोली आली नाही. मार्च २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटी रु. करूनही बोली आली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ३,९२७ कोटी रु. दराने रिलायन्स जिओने १० मेगाहर्ट्‌झ घेतले. मधली जवळजवळ सहा वर्षे हा पट्टा भ्रमणध्वनी सेवेविना पडून राहिला. याच काळात, २०२०–२१ च्या टाळेबंदीत, शाळांचे अध्यापन भ्रमणध्वनीवरून होऊ लागले आणि डोंगराळ गावांतील मुलांची अडचण सर्वांच्या लक्षात आली. राखीव किंमत चढी ठेवून जो महसूल शासनास अपेक्षित होता तोही मिळाला नाही आणि सेवाही झाली नाही.

सेवाविस्ताराची अट : परवान्यातील मूळ अट अशी होती, की परिमंडळातील दहा टक्के जिल्हा मुख्यालये पहिल्या वर्षात व पन्नास टक्के मुख्यालये तीन वर्षांत सेवेखाली आणावीत; मुख्यालयाऐवजी त्याच जिल्ह्यातील दुसरे शहरही चालत असे. नगरपालिका-हद्दीतील नव्वद टक्के क्षेत्र व्यापले, की ते शहर सेवेखाली आले असे धरले जाई. या अटीच्या दृष्टीने नगर शहर किंवा त्याऐवजी संगमनेर व्यापले, की जिल्हा पूर्ण झाला. किंबहुना परिमंडळातील निम्मे जिल्हे कोरे राहिले तरी अटीचा भंग होत नसे. २०१२ नंतरच्या लिलावांत गट-मुख्यालयांचाही काही प्रमाणात समावेश झाला. परंतु अकोले हे मुख्यालय आणि त्याच तालुक्यातील घाटघर, रतनवाडी ही सह्याद्रीच्या कड्यालगतची गावे यांत डोंगररांगा आहेत. मुख्यालय मोजणाऱ्या अटीस ही गावे दिसत नाहीत. उलट शिर्डीसारख्या यात्रास्थळी कोणत्याही अटीविना प्रत्येक कंपनी पोहोचते.

अशा गावांसाठी एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी उभारण्यात आला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या पाच टक्के रक्कम त्यात जमा होते; दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. सेवा न पोहोचलेल्या देशभरातील २४,६८० गावांसाठी केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये मंजूर केलेली २६,३१६ कोटी रुपयांची योजना भारत संचार निगमाकडे सोपविण्यात आली. म्हणजे जेथे स्पर्धा पोहोचत नाही तेथे सार्वजनिक कंपनीवरच अवलंबून राहावे लागले.

स्पर्धेचे स्वरूप : ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओने सेवा सुरू केली व दरांची मोठी घसरण झाली. ग्राहकास याचा लाभ झाला. परंतु कर्ज व कंप्रतांचे हप्ते यांनी वाकलेल्या कंपन्या टिकल्या नाहीत. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ मध्ये आपली भ्रमणध्वनी सेवा गुंडाळली, एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली; २०१२ च्या लिलावात महाराष्ट्र परिमंडळ घेतलेली टेलिनॉर २०१८ मध्ये आणि टाटा समूहाची भ्रमणध्वनी सेवा २०१९ मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाली.

महाराष्ट्र परिमंडळातील मूळ दोन परवान्यांचा पुढील इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. बीपीएल सेल्युलर २००६ मध्ये हचिसन एस्सारकडे व तेथून २००७ मध्ये व्होडाफोनकडे गेली. बिर्ला समूहाची कंपनी ‘आयडिया’ झाली. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी या दोहोंचे विलीनीकरण झाले. ज्या दोघांनी एकमेकांशी स्पर्धा करावी म्हणून १९९५ मध्ये दोन परवाने दिले गेले, ते तेवीस वर्षांनी एकाच मालकीत आले. पुढे थकबाकीच्या बदल्यात भाग घेऊन केंद्र शासन एप्रिल २०२५ पर्यंत या कंपनीच्या सु. ४९ टक्के भांडवलाचे धारक बनले. अशा रीतीने कंप्रतांचा विक्रेता, बाजाराचा नियंता, एका सार्वजनिक कंपनीचा मालक आणि एका खाजगी कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक या चारही भूमिका शासनाकडे एकवटल्या. जुलै २०२४ च्या पहिल्या सप्ताहात तिन्ही खाजगी कंपन्यांनी पाठोपाठ दरवाढ केली. स्पर्धा आयोगाने अशा प्रश्नांत दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या निष्कर्षानंतरच लक्ष घालावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा ५ डिसेंबर २०१८ चा निर्णय आहे.

मूल्यमापन : लिलावाने वाटपातील मनमानी थांबविली. राळेगणसिद्धीहून उठलेल्या आवाजाने सार्वजनिक व्यवहारात ज्या सचोटीचा आग्रह धरला होता, तिला लिलावामुळे बळ मिळाले. परंतु कंप्रता कोणास व कितीला द्यावी, या प्रश्नाचे उत्तर लिलाव देतो. ती कोठवर पोहोचवावी, याचे उत्तर त्यात नसते. ते राखीव किंमत व सेवाविस्ताराची अट यांत शोधावे लागते आणि या दोन्ही गोष्टी बोली लावणाऱ्यांनी नव्हे, तर शासनाने ठरवावयाच्या असतात. मुख्यालयाऐवजी वाडी-वस्तीचा हिशेब अटीत धरला जाईल, तेव्हाच पारनेर तालुक्यात उपस्थित झालेला प्रामाणिकपणाचा प्रश्न व अकोले तालुक्यातील पोहोचीचा प्रश्न हे दोन्ही एकत्र सुटू शकतील. सार्वजनिक मालमत्तेचा मोबदला तिजोरीत जमा होणे आवश्यक आहे. पण ती सर्वांच्या उपयोगी पडणे हे तिच्या सार्वजनिकत्वाचे खरे प्रमाण होय.