माणिकबाग : एका अंतर्रचनेचा इतिहास

वास्तुकलेचा इतिहास उभ्या भिंतींच्या आधाराने लिहिता येतो. अंतर्रचनेला असा भक्कम आधार नसतो. दालनातील प्रकाश, आसनांची उंची, भिंतींचा रंग, पृष्ठभागांचा पोत आणि मोकळ्या जागेचे प्रमाण यांचे परस्परांशी जे नाते जुळते, त्यालाच अंतर्रचना म्हणावयाचे. आणि एखादी वस्तू हलवली तरी ते नाते बदलते. या कलेच्या मूलतत्त्वांचा विचार करण्यास इंदूर हे उत्तम स्थळ आहे. होळकर घराण्याने तेथे उभारलेल्या तीन वास्तूंत निवासाच्या तीन भिन्न कल्पना साकार झाल्या आहेत.

पहिली वास्तू राजवाडा. मल्हारराव होळकरांच्या काळात, १७४७ मध्ये, तिच्या बांधकामास प्रारंभ झाला. तिचे खालचे तीन मजले दगडी, तर वरचे लाकडी आहेत. ती ज्या मराठी वाडा-परंपरेतली, त्या परंपरेत दालनाची मापे जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या दृष्टिपातळीवरून ठरत. गादी, लोड आणि तक्के एवढ्यावर बैठक सजे. कोनाडे, फडताळे, खुंट्या हे सामान भिंतीतच सामावलेले असे. म्हणून एकच दालन दिवसा कचेरी आणि रात्री शयनगृह होऊ शके.

दुसरी वास्तू लालबाग, १८८६ ते १९२१ या काळात पूर्ण झालेली. येथे झुंबरे, सोनेरी नक्षी आणि चित्रित छते यांचे वैभव आहे. यजमानाच्या सोयीपेक्षा पाहुण्याचे विस्मित होणे महत्त्वाचे, हे या दालनांचे सूत्र. अलंकरण आणि अंतर्रचना यांतील भेद येथे स्पष्टपणे उमगतो.

तिसरी वास्तू माणिकबाग. यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१) यांचा ऑक्सफर्डमधील शिक्षणाच्या काळात एकार्ट मुथेसिउस (१९०४–१९८९) या तरुण जर्मन वास्तुकाराशी परिचय झाला आणि १९३० ते १९३३ या अवधीत दोघांच्या विचारातून हे निवासस्थान घडले. एकार्ट यांचे वडील हेरमान मुथेसिउस १९०७ मध्ये स्थापन झालेल्या ‘जर्मन वेर्कबुंड’च्या प्रवर्तकांपैकी होते. घर म्हणजे दाराच्या मुठीपासून छतापर्यंत एकच कृती, ही दृष्टी पुत्राला घरातूनच लाभली होती.

एकात्मता हे तत्त्व माणिकबागेत सर्वत्र जाणवे. दिवे आणि कित्येक आसने मुथेसिउस यांनी स्वतः रेखाटली. ग्रंथालयातील तांबड्या आरामखुर्च्यांच्या पाठीतच दिवे बसवलेले होते. प्रकाश छतावरून सांडण्याऐवजी वाचणाऱ्याच्या पानावर पडे. धातू आणि काच यांच्या थंड, गुळगुळीत पोताला इव्हान दा सिल्व्हा ब्रून्स यांच्या भौमितिक गालिच्यांची ऊब तोलून धरी. एलीन ग्रे, रूलमान, ल कॉर्बुझिए आणि त्यांचे सहकारी यांची आसने व मेजे या योजनेत आपापल्या जागी बसवलेली होती. माळव्याच्या उन्हाळ्याचा विचार करून वातानुकूलनाचीही सोय केली होती.

तथापि या योजनेत एक उणीव होती. तिच्यातील बहुतेक सामग्री युरोपात घडून जहाजाने आली होती. स्थानिक सुताराचा वा विणकराचा हात तीत फारसा नव्हता. भिंतीत न रुजलेले सामान भिंती सोडून जाऊ शकते. १९३७ मध्ये महाराणी संयोगिताराजे यांचे निधन झाले. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. यशवंतरावांनी ब्रांकुशी या शिल्पकाराकडून ‘अवकाशातील पक्षी’ ही शिल्पे घेतली होती. ज्या मंदिरात ती स्थापण्याचे योजिले होते ते बांधलेच गेले नाही, आणि त्यांपैकी संगमरवरी जोडी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. १९८० मध्ये माणिकबागेतील सामानाचा मोनॅको येथे लिलाव झाला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार सामान्यतः शंभर वर्षे जुनी वस्तूच पुरावस्तू ठरते. जेमतेम पन्नास वर्षांच्या खुर्च्या त्या व्याख्येत बसणाऱ्या नव्हत्या. माणिकबागेत पुढे केंद्रीय करखात्याचे कार्यालय आले आणि आजही ते तेथे आहे. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने यशवंतरावांच्या संग्रहावर प्रदर्शन भरवले, तेव्हा विखुरलेल्या वस्तूंतील काही पुन्हा एकत्र आल्या. पण ते दालन आता छायाचित्रांत आणि आराखड्यांतच पाहावे लागते.

राजवाड्याचा मोठा भाग १९८४ च्या आगीत गेला. महाराष्ट्रातही जुने वाडे पाडले जातात, तेव्हा त्यांचे नक्षीदार खांब आणि दरवाजे विकले जाऊन दुसऱ्याच ठिकाणी शोभेसाठी उभे राहतात. खांब वाचतो, मात्र तो कोणत्या बैठकीला टेकू देत होता, त्याच्यावर सकाळचे ऊन कुठून येत होते, हे कोणी लिहून ठेवत नाही. वाडा पाडण्यापूर्वी त्याच्या दालनांची मापे घेऊन, सामानाच्या जागांसह आराखडा काढून ठेवणे फार खर्चाचे काम नाही. माणिकबागेची आठवण टिकली ती अशाच आराखड्यांमुळे आणि छायाचित्रांमुळे.