पणजोबांचा फेटा हिरवा का झाला?

आजची गोष्ट पेडगावची. म्हणीत वेड पांघरून जातात ते पेडगाव श्रीगोंद्याचं, भीमेकाठचं. आपलं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता.

समजा, इथल्या एखाद्या घरात पणजोबांचा त्या काळातला फोटो आहे. नातवंडांनी तो स्कॅन केला, प्रिंट काढली, आणि पणजोबांचा पांढरा फेटा आला हिरवट! उन्हात नेला तर गुलाबी झाक. असं का?

कारण साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये काळी शाई एकच असते. फिकट करडा रंग हवा तर काळे ठिपके विरळ टाकायचे. मग गालावर रवा सांडल्यासारखं दिसतं. नाहीतर निळी, गुलाबी, पिवळी शाई मिसळायची. मग प्रमाण जरा हललं की रंगाची झाक आलीच.

उपाय एकच, करडी शाईच वेगळी भरायची. अमेरिकेतले मुद्रक जॉन कोन यांनी २००० साली ‘पीझोग्राफी’ आणली. यात रंगीत शाया काढून त्यांच्या जागी काळ्याच्याच फिकट होत जाणाऱ्या छटा भरतात. २००५ मध्ये एप्सनने ‘के-थ्री’ शाया आणल्या: काळी, फिकट काळी आणि त्याहून फिकट. शाई फिकट, पण ठिपके दाट. म्हणून चेहऱ्यावरची सावली सलग उतरते.

या शायांमधला काळा पदार्थ आपल्या ओळखीचाच आहे. तो म्हणजे कार्बन, आपली काजळी! दिव्याच्या काजळीत डिंक घोटून केलेल्या शाईने आपल्याकडे पोथ्या लिहिल्या जायच्या. शेकडो वर्षांनीही ती अक्षरं काळीच आहेत.

पण एक गंमत आहे. कार्बन पातळ केला की तो तपकिरीकडे झुकतो. शुद्ध करडा हवा तर त्यात थोडा निळसर रंग घालावा लागतो, आणि असे रंग कार्बनइतके टिकाऊ नसतात.

मग कुठला करडा निवडायचा? उत्तर जुन्या फोटोतच असतं. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काळात फोटो अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर छापत. त्यांची छटा तपकिरी असायची. अशा फोटोला कार्बनची उबदार शाई शोभते, आणि टिकतेही जास्त. १९४० च्या आसपासचा फोटो मात्र बहुधा जिलेटिनच्या कागदावरचा, साधारण शुद्ध काळा-पांढरा. त्याला तटस्थ करडी शाई बरी.

तेव्हा स्टुडिओत गेलात की आधी विचारा, “तुमच्या प्रिंटरमध्ये करडी शाई आहे का?” आणि मूळ फोटो सोबत न्या. मोबाईलच्या स्क्रीनवर त्याची खरी छटा कळत नाही.

पणजोबांना पाहिलेली माणसं आता फारशी उरलेली नाहीत. पुढच्या पिढीला ते या प्रिंटमधूनच भेटणार आहेत. निदान त्यांचा फेटा तरी पांढरा राहू दे! भेटू पुढच्या भागात.