सोन्याची फुले आणि बुडालेली खाचरे

पणतू जन्मला की पणजोबांच्या डोक्यावर सोन्याची फुले उधळायची, ही मराठी घरांतली जुनी हौस. फुले असतात गुंजभर सोन्याची, ऐपत नसेल तर चांदीची. पण चार पिढ्या एका ओसरीवर बसलेल्या पाहायला सारी भावकी लोटते. पणतवंड पाहिलेला माणूस सोन्याच्या शिडीने स्वर्गात जातो, असे जुनी माणसे मानतात. तप नको, तीर्थयात्रा नको. घर नांदते ठेवले आणि पुरेसा जगला, एवढ्यावर त्याला शिडी मिळते. गृहस्थाचा इतका मोठा मान दुसऱ्या कुठल्या रीतीत क्वचितच आढळेल.

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात अशा म्हाताऱ्याचे आयुष्य सांगायला बसले, तर गोष्ट मूळ गावापासून सुरू होते. आणि पुष्कळ घरांत ‘मूळ गाव कुठलं?’ या प्रश्नाला एकच उत्तर येते: धरणात गेलं.

१९१५ च्या सुमारास मुळा-नीळा नद्यांच्या खोऱ्यात जन्मलेला एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. धरणाविरुद्धचा सत्याग्रह १९२१ मध्ये सुरू झाला तेव्हा तो सहा वर्षांचा असणार. धरण पुरे झाले तेव्हा बारा. नव्वदी गाठली असेल, तर हिंजवडीतल्या संगणक कंपन्यांच्या इमारती त्याने पाहिल्या असणार. एवढे सगळे एका हयातीत मावले. अशी माणसे या तालुक्याने पाहिली, आणि मुळशीचा शंभर वर्षांचा इतिहास त्यांच्याच मापाने नीट मोजता येतो.

त्या मुलाला वारशात मिळायची होती ती भाताची खाचरे. हा मुलूख सह्याद्रीच्या माथ्यालगतचा. पाऊस धो धो, जमीन उताराची. अशा जमिनीत खाचर आयते मिळत नाही. उतार तोडायचा, दगड रचून बांध घालायचा, वाहून आलेली माती अडवायची आणि पावसाने बांध फोडला की पुन्हा घालायचा. एक सपाट तुकडा तयार व्हायला बापाचे आणि आजाचे आयुष्य जाते. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजायचा, पावसाच्या तोंडाशी त्यात बी टाकायचे, मग डोक्यावर इरले घेऊन चिखलात लावणी. आंबेमोहोर शिजला की वास शेजारच्या घरापर्यंत जायचा. त्या काळात बाप लेकरांवरची माया बोलून दाखवत नसे. ती बांधावर दिसे.

नेमके याच पावसावर मुंबईची नजर होती. घाटमाथ्यावरचे पाणी पूर्वेला वाहून जाते. ते अडवून पश्चिमेला वळवले, तर कोकणात सुमारे ५०० मीटर खाली पडते आणि त्यावर वीज करता येते. टाटांनी खोपोलीला १९१५ मध्ये हे करून दाखवले होते. पुढची योजना मुळा-नीळेच्या संगमाची होती. पाणी भिऱ्याला उतरणार, वीज मुंबईच्या गिरण्यांना जाणार आणि पन्नासच्या आसपास गावांची जमीन जाणार. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा हाताशी होताच. मालकाला न विचारता शेतात चाचणीचे चर खणले गेले, तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे ते लोकांना कळले.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. हजाराहून अधिक मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. त्यांत बायका होत्या, कडेवरची पोरे होती. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. इथे जरा थांबले पाहिजे. त्या वर्षी देशभर असहकार चालू होता, सभा होत होत्या, स्वराज्याचा ठराव गाजत होता. मुळशीकर मात्र चूल, गोठा आणि खाचर वाचवायला आले होते. ही प्रपंची माणसांची लढाई होती आणि तेच तिचे बळ होते. पुण्याहून शि. म. परांजपे, विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट अशी माणसे आली, तुरुंगात गेली. बापटांना लोकांनी नाव दिले ‘सेनापती’. ते जन्मभर टिकले.

पहिल्या फेरीत कंपनीने काम काही महिने थांबवले, डिसेंबरात पुन्हा सुरू केले. मग अटका, दंड, कैद. आणि याच प्रपंचाने लढ्याची दुखरी नसही उघडी केली. बऱ्याच जमिनी कर्जापायी सावकारांकडे गुंतलेल्या होत्या, आणि सावकाराला रोख मोबदला सोयीचा होता. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवरच्या आपल्या पुस्तकात हा ताण तपशिलाने मांडला आहे. ज्याच्या घरात खाणारी तोंडे दहा आणि डोक्यावर कर्ज, त्याने आलेला पैसा घेतला, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कुणाला पोचत नाही. त्यानेही लेकरांकडे पाहूनच अंगठा उठवला.

१९२४ च्या डिसेंबरात बापट आणि त्यांच्या साथीदारांनी कामावरची रेल्वेगाडी अडवली. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण १९२७ मध्ये पुरे झाले.

बापटही दीर्घायुषी. १२ नोव्हेंबर १८८० ला पारनेरात जन्म, २८ नोव्हेंबर १९६७ ला मुंबईत मृत्यू. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. १९५५ मध्ये चौऱ्याहत्तरीत ना. ग. गोऱ्यांबरोबर ते गोव्याच्या सत्याग्रहात उतरले. त्यांच्या नावाचे रस्ते पुण्यातही आहेत आणि मुंबईतही. ज्यांच्यासाठी ते सेनापती झाले, ते मावळे मात्र नावानिशी फारसे कुठे लागले नाहीत. कुणी डोंगराच्या चढावर सरकून नव्याने बांध घातले, कुणी मुंबईची वाट धरली. जमिनीला जमीन देऊन वसवण्याची सोय तेव्हा नव्हती. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला तो १९७६ मध्ये. तोवर १९२१ ची पोरे आजोबा झाली होती.

मग जमिनीला दुसऱ्यांदा पाय फुटले. पुणे पिरंगुटापर्यंत सरकले, हिंजवडी पालटली, डोंगरांवर बंगले चढले. या वेळी कायद्याच्या धाकापेक्षा भावाचा मोह मोठा होता. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ २०१८ मध्ये आला तो विकलेल्या जमिनीमागे घराचे काय होते ते दाखवत. एकदा पाण्यात आणि एकदा पैशात गेलेली जमीन ज्या म्हाताऱ्याने पाहिली, त्याच्या ओसरीवर सोन्याची फुले पडली तरी त्याची नजर बांधाकडेच जात असणार.

अशा माणसाचा दहावा नदीकाठी होतो. आंबेमोहोर नसला तर साध्या तांदळाच्या भाताचा पिंड ठेवतात. मुले, मुली, जावई, सुना, नातवंडे लांब उभी राहून कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही, तर गेलेल्याचे मन कशात तरी अडकले आहे, असे समजून एकेक जण पुढे होतो आणि हात जोडून शब्द देतो. धाकटीचं लग्न करून देतो. आईला सांभाळतो. भावाभावांत भांडण होऊ देत नाही. तरीही पिंड तसाच राहिला, तर गर्दीतून कुणी वडीलधारा थोरल्या मुलाला हळूच सुचवतो, आणि तो पुढे येऊन सांगतो, ‘आबा, राहिलेली जमीन विकणार नाही.’